पाचवीला आता ढकलपास नाही : शाळा उघडायच्या आधी आपल्या घरांसाठी सूचना आणि आठवणी



एरवी या पानावर आपण जाळी, बर्फ, दर आणि धरणाची पातळी यावर बोलतो. आज विषय पोरांच्या शाळेचा आहे. जून लागला की एकाच वेळी दोन कामं येतात. पावसाआधी होडी वर काढायची, जाळी शिवायची, आणि पोरांना शाळेत बसवायचं. पहिल्या कामात आपण कधी चुकत नाही. दुसरं मात्र "बघू, पुढच्या आठवड्यात" यावर राहतं. यंदा तसं करून चालणार नाही, त्याचं कारण खाली देत आहोत. पोस्ट लांब आहे, पण घरी बसून एकदा पूर्ण वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पोरांकडून वाचून घेता येईल. पोराचं वाचन कसं आहे तेही त्यात कळेल.

*१. पाचवी आणि आठवीत आता नापास करता येतं*

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तेव्हापासून आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा नियम होता. आपल्या घरांत त्याचा अर्थ "शाळेत गेला काय, न गेला काय, वर जातोच" असा घेतला गेला. २०१९ मध्ये कायदा बदलला. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियमही बदलले. केंद्राच्या शाळांना आणि विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशांना हे नियम लागू आहेत. दादरा नगर हवेली आणि दमण-दीव त्यातच येतं.

नवीन पद्धत अशी आहे :

– पाचवी आणि आठवीच्या वर्षाअखेरीस नियमित परीक्षा होते.
– मुलगा किंवा मुलगी त्यात मागे पडली तर निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घेतली जाते. मधल्या काळात शाळेने जादा शिकवायचं असतं.
– दुसऱ्यांदाही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवतात. मग वर्गशिक्षकांनी मुलाला आणि आईबापाला, दोघांनाही मार्गदर्शन करायचं असतं.
– आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही.

शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा. नापास झाला म्हणजे शाळा संपली असं होत नाही. पण आपल्या वस्तीत नेमकं तेच होतं. पोरगा पाचवीत अडकला, बरोबरची पोरं पुढे गेली, की त्याला वर्गात बसायला लाज वाटते. बाप म्हणतो, "चल मग होडीवर." दहा-अकरा वर्षांचा पोर एकदा होडीवर चढला की तो परत बाकावर बसलेला आम्ही फारसा पाहिला नाही. म्हणून दुसऱ्या परीक्षेची तारीख शाळेतून विचारून घ्या. ते दोन महिने पोराला होडीवर नेऊ नका, गावाला पाठवू नका आणि लग्नाकार्यातही अडकवू नका. त्या दोन महिन्यांत त्याचं अख्खं वर्ष वाचू शकतं.

*२. एक दिवसाची दांडी किती महाग पडते*

कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी. आता हिशोब करा. बाजाराच्या दिवशी धाकट्याला सांभाळायला मोठी मुलगी घरी राहिली, म्हणजे आठवड्याला फक्त एक दिवस. वर्षाला ते पस्तीस-चाळीस दिवस होतात. २०० पैकी ४० म्हणजे पाचवा हिस्सा. जाळ्याचा पाचवा हिस्सा फाटलेला असेल तर आपण ते पाण्यात टाकू का? मग पोरीचं वर्ष तसंच कसं जाऊ द्यायचं?

घरी राहते ती बहुतेक वेळा मुलगीच असते. २०११ च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीत पुरुषांमध्ये साक्षरता ८५ टक्के होती, बायकांमध्ये ६४ टक्के. ज्या बायकांना तेव्हा वाचता येत नव्हतं त्यांतल्या कितीतरी आज पाटी घेऊन मासळी विकतात. हिशोब तोंडी पक्का असतो, पण व्यापाऱ्याने दिलेली पट्टी त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या पोरींवर ती वेळ येऊ नये.

धाकट्यांसाठी अंगणवाडी आहे. बाजाराच्या दिवशी वस्तीतल्या दोन-तीन घरांनी पाळी लावली तरी मोठी मुलगी शाळेत जाऊ शकते. हे आपल्या आपल्यात ठरवता येईल, त्याला सरकारी कागद लागत नाही.

*३. होडीमालकांनो, हे तुमच्यासाठी*

२०१६ साली बालकामगार कायद्यात बदल झाला. १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. होडीवर नाही, मासळी निवडायला नाही, बर्फ फोडायलाही नाही. ठेवणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० हजार ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "त्याच्या बापानेच पाठवला" हे उत्तर चालत नाही.

स्वतःच्या घरच्या धंद्यात पोराने हात लावायला कायद्याची सूट आहे, पण अटी आहेत. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच, आणि धोक्याचं काम नाही. दुपारनंतर बापाशेजारी बसून जाळं शिवायला शिकणं यात काही वावगं नाही. आपला धंदा पोरांना यायलाच हवा. पण पहाटे जाळी ओढून आलेला पोर दहा वाजता वर्गात पेंगत असेल तर तो शाळेत असून नसल्यासारखा आहे.

*४. पोराला खरंच वाचता येतं का? घरच्या घरी तपासा*

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला 'निपुण भारत' सुरू केलं. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधा हिशोब यावा, हे त्याचं उद्दिष्ट आहे. त्यात इयत्तेप्रमाणे अपेक्षा दिलेल्या आहेत. पहिलीच्या शेवटी ९९ पर्यंतचे आकडे, दुसरीला ९९९ पर्यंत, तिसरीला ९९९९ पर्यंत. तिसरीच्या शेवटी मिनिटाला साधारण ६० शब्द अर्थ समजून वाचता यायला हवेत.

"मला लिहिता-वाचता येत नाही, मी काय तपासणार?" असं पुष्कळ जण म्हणतात. तुम्हाला तपासता येतं. आपल्या घरात वजनकाटा आहे, पट्टी आहे, हिशोबाची वही आहे. असं करून बघा (दर फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत) :

दुसरीच्या मुलाला काट्यावरचा आकडा वाचायला सांगा. तो बरोबर आहे की नाही ते तुम्हाला लगेच कळेल.

तिसरीच्या मुलीला विचारा, "एका टोपलीत १८ किलो, दुसरीत २३, तिसरीत १४. सगळे मिळून किती?" उत्तर ५५.

पाचवीच्या पोराला पूर्ण पट्टी द्या. रोहू २२ किलो, दर १२० रुपये. तिलापिया १५ किलो, दर ७० रुपये. बर्फ आणि इंधन मिळून खर्च ६९० रुपये. होडीचा एक वाटा, जाळ्याचा एक, तीन माणसांचे तीन. प्रत्येक वाट्याला किती? रोहूचे २,६४०, तिलापियाचे १,०५०, एकूण ३,६९०. खर्च वजा जाता ३,००० उरले. पाच वाटे, प्रत्येकी ६००.

हे त्याला वहीवर करता आलं तर पाचवीच्या गणिताची फार काळजी नको. नाही आलं तर रागावू नका, हात उचलू नका. शाळेत जाऊन गुरुजींना किंवा बाईंना सांगा, "याचं गुणाकारात अडतंय, भागाकारात अडतंय." नुसतं "कसा आहे अभ्यासात?" विचारलं की "ठीक आहे" एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं.

*५. कुठलं माध्यम घ्यायचं?*

आपल्याकडे मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी असे पर्याय आहेत. घरात कुणी वारली बोलतं, कुणी कोकणा, कुणी धोडिया, कुणी मराठी. अमुकच माध्यम घ्या असं आम्ही सांगणार नाही. पण शिक्षण हक्क कायद्यात शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर देतं. शेजाऱ्याचा पोर गेला म्हणून आपला पाठवायचा, मग तिसरीत झेपत नाही म्हणून परत आणायचा, यात पोराची दोन वर्षं वाया जातात. जे माध्यम घ्याल ते नीट विचार करून घ्या. घरात त्या भाषेत कुणीतरी दोन वाक्यं बोलू शकेल का, एवढं तरी बघा.

*६. कागदपत्रं*

पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत, असं केंद्राचं धोरण आहे. दाखल्यांबाबत पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा :

– *जन्मदाखला.* जन्माची नोंद २१ दिवसांत करायची. ३० दिवसांपर्यंत उशिराचं शुल्क भरून होते. त्यानंतर वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी आजच दाखला तपासा. बाळाचं नाव त्यात घातलं नसेल तर घालून घ्या.
– *दाखला नाही म्हणून प्रवेश अडत नाही.* वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. शाळा सुरू होऊन महिना झाला तरीही प्रवेश द्यावाच लागतो.
– *आधार.* पाचव्या आणि पंधराव्या वर्षी मुलाच्या बोटांचे ठसे आणि डोळे पुन्हा नोंदवावे लागतात. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात हे मोफत होतं. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही असं सांगितलं आहे. तरी पुढे खात्यावर पैसे येताना आधार लागतं, म्हणून ते वेळेत करून ठेवा.
– *नावाचं स्पेलिंग.* जन्मदाखला, आधार, शाळेचं रजिस्टर आणि बँकेचं पासबुक, या चारही ठिकाणी नाव आणि आडनाव सारखंच हवं. पाहिलीत लागलेला फरक पुढे जातीच्या दाखल्यापर्यंत नडतो. पहिलीतच दुरुस्त केला तर काम सोपं जातं.
– *शाळा बदलताना.* काही कुटुंबं धंद्यासाठी धरणाच्या वरच्या अंगाला, दुधनी-कौंचाकडे किंवा पार समुद्रकाठी महिनोन् महिने राहतात. पोराचं नाव तिथल्या सरकारी शाळेत घालता येतं. जुन्या शाळेने दाखला लगेच द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला तरी नवीन शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. "दाखला नाही म्हणून घरी बसलाय" असं कुणी सांगितलं तर त्याला हा मुद्दा दाखवा.

सरकारी शाळेत पहिली ते आठवी पुस्तकं मोफत आहेत. समग्र शिक्षा योजनेतून सर्व मुलींना, तसंच आदिवासी, अनुसूचित जातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना गणवेशाचे दोन जोड मिळतात.

*७. शाळेतलं जेवण आणि औषध*

दुपारच्या जेवणाच्या योजनेला २०२१ पासून पीएम पोषण म्हणतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. वाढण्याआधी जेवण चाखून बघायचं असतं. आयांनी एखाद्या दिवशी जाऊन बघायला हरकत नाही. तो तुमचा हक्क आहे, आणि जाताना भांडायला चाललोय असं वाटून घेऊ नका.

घरी मात्र एक करा. सगळी चांगली मासळी विकून पोरांच्या ताटात नुसता रस्सा वाढू नका. १०० ग्रॅम रोहूत साधारण १६-१७ ग्रॅम प्रथिनं असतात. आपण दुसऱ्यांच्या पोरांना पोसतो, आपल्या पोरांनाही एक तुकडा ठेवू.

फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळेत जंताची गोळी देतात. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा डीपीटीचा दुसरा बूस्टर आणि दहाव्या वर्षीची टीडीची लस राहिली असेल तर आशाताईंना विचारा. आपल्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. पोराचे हातपाय वारंवार दुखत असतील, तो लवकर दमत असेल, तर "आळशी आहे" म्हणू नका, एकदा रक्त तपासा.

पावसात दक्षिण गुजरातच्या पट्ट्यात लेप्टोचा ताप येतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून, चिखलातून अनवाणी जाऊ देऊ नका. ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर दुकानातली गोळी देऊन थांबू नका, सरळ दवाखाना गाठा. तुम्ही मासेमारी करता हे डॉक्टरांना सांगा.

*८. नदी, होडी आणि शाळेची वाट*

दमणगंगा नाशिकच्या सह्याद्रीतून निघते, मधुबन धरणातून आपल्या राखोलीला येते आणि दमणला समुद्राला मिळते. पावसात धरणातून पाणी सोडलं की आपल्याकडे पात्र बघता बघता भरतं. प्रशासनाची सूचना आली की ती वस्तीच्या ग्रुपवर लगेच टाका. नेट नसलेल्या घरी कुणीतरी चालत जाऊन सांगा. त्या दिवशी पोरांनी पुलावर थांबून पाणी बघायचं नाही, काठाने शाळेत जायचं नाही.

याच नदीवर २८ ऑगस्ट २००३ ला दमणचा पूल कोसळला. शाळेतून घरी निघालेली मुलं त्यात गेली. त्या वेळी आपल्या या पट्ट्यात कुणाच्या घरी चूल पेटली नव्हती, हे जुन्या लोकांना आठवत असेल. पुलाला तडा दिसला, कठडा तुटलेला दिसला, तर फोटो काढून पंचायतीत लेखी द्या. "कुणीतरी देईल" म्हणून सोडू नका.

धरणाच्या पाण्यात काही पोरं होडीनेच ये-जा करतात. त्या होडीमालकांना हात जोडून विनंती : प्रत्येक मुलाला लाइफ जॅकेट द्या आणि ते बांधून घ्या, नुसतं मांडीवर ठेवून चालत नाही. मासळी आणि माणसं एका फेरीत नकोत. वारा असेल तर फेरी रद्द. एक दिवस शाळा बुडली तर भरून निघते.

*९. शाळेच्या समितीत आपला माणूस हवा*

प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या बायका. केंद्राच्या नियमांप्रमाणे समितीची बैठक महिन्यातून एकदा व्हायला हवी, इतिवृत्त लिहायला हवं आणि ते लोकांना बघायला मिळायला हवं. दर दोन वर्षांनी समिती नव्याने होते. शिक्षक वेळेवर येतात का, जेवण कसं आहे, संडासात पाणी आहे का, पैसा कुठे खर्च झाला, हे सगळं तिथे विचारता येतं.

आपल्या लोकांची नावं समितीत असतात, पण बैठकीला कुणी जात नाही, कारण ती सकाळी असते आणि सकाळी आपण पाण्यावर असतो. यंदा दोन गोष्टी करू. एक, बैठक दुपारनंतर ठेवा असा लेखी अर्ज पालकांनी मिळून द्यायचा. अर्ज लिहायला संस्थेच्या कार्यालयात या, आम्ही लिहून देऊ. दुसरं, आपल्या बायकांनी नाव द्यायचं. सही येत नसेल तर अंगठा चालतो. बाजारात व्यापाऱ्याशी भाव करणाऱ्या बाईला शाळेत प्रश्न विचारायला अवघड जाणार नाही.

आणखी एक गोष्ट. "मासळीचा वास येतो" म्हणून आपल्या पोरांना वर्गात चिडवतात, वेगळं बसवतात, असं काही घरांतून कानावर येतं. मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला कायद्याने बंदी आहे. पोरगं अचानक शाळेला नको म्हणू लागलं तर आधी शांतपणे कारण विचारा. मग मुख्याध्यापकांशी बोला, मग समितीत मांडा. मूल संकटात असेल तर १०९८ हा नंबर दिवसरात्र मोफत लागतो. तो पोरांनाही पाठ करून द्या.

*या आठवड्यात करायची कामं*

१. चारही कागदांवरचं नाव जुळतं का बघा.
२. पोराला काट्यावरचा आकडा आणि ही पोस्ट वाचायला लावा.
३. पाचवी-आठवीत असेल तर परीक्षा आणि पुनर्परीक्षेची माहिती शाळेतून विचारून घ्या.
४. होडीवर १४ वर्षांखालचा पोर कामाला असेल तर त्याच्या बापाशी बोला आणि त्याला शाळेत पोचवा.
५. व्यवस्थापन समितीसाठी वस्तीतून दोन बायकांची नावं ठरवा.
६. लाइफ जॅकेटचे पट्टे तपासा, तुटके असतील तर बदला.

पावसात मासळी अंडी घालते, तेव्हा बारीक आसाचं जाळं टाकू नका असं आपणच एकमेकांना सांगतो, कारण आज पिल्लू उचललं तर उद्या धरण रिकामं. पोरांच्या बाबतीतही तोच नियम पाळू. वाढायच्या वयात त्यांना शाळेतून उचलायचं नाही.

काही अडलं तर संध्याकाळी कार्यालयात या. अर्ज, दाखला, नावदुरुस्ती, जे असेल ते बसून करू. पोस्ट आपल्या वस्तीच्या ग्रुपवर पुढे पाठवा.

आपलेच,
सचिव आणि संचालक मंडळ
राखोली